शांत कोंबडीचे अंडे

अंडी भरायच्या गोदामात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी जिथे पुठ्ठ्याचे खोके छतापर्यंत रचलेले असतात तिथे खुर्च्या मांडल्या होत्या, आणि खुर्च्या संपल्यावर लोक अंड्यांचे रिकामे ट्रे उलटे घालून त्यांवर बसले होते. समोर फळ्यांचा मंच, मंचावर लांबलचक टेबल, टेबलावर हिरवे कापड. त्या कापडावर एक पांढरी कोंबडी उताणी पडली होती. पाय वर, डोळे अर्धवट मिटलेले, हालचाल शून्य. एवढी माणसे जमली होती, पण आवाज फक्त पंख्याचा येत होता.

"बघा," शांतबुवा हलक्या आवाजात म्हणाले, "कोंबडीचा जीव तो केवढा. जन्मभर टोचणार, फडफडणार, कलकलाट करणार. मी हिच्या छातीवर नुसता हात ठेवला. आता हिच्या मनात काय आहे? काही नाही. आणि तुमच्या मनात काय आहे? उद्याची भाजी."

लोक हसले आणि हसल्याबद्दल लगेच गप्प झाले. बुवांनी झाकलेल्या खोक्यातून दुसरी कोंबडी काढली, पाठीवर ठेवली, छातीवर तळहात दाबून धरला, चोचीपासून टेबलाच्या कडेपर्यंत खडूने एक रेघ ओढली आणि हात हळूच काढून घेतला. तीही पडून राहिली. मग तिसरी, मग चौथी. ओळीने पडलेल्या त्या कोंबड्या पाहून माझ्या शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी डोळे पुसले.

शांतबुवा मौन पाळतात असे बाहेर फलकावर लिहिले होते. तासभर बोलल्यानंतर त्यांनी स्वतःही तसे सांगितले. त्यांचे तत्त्वज्ञान सोपे होते. दुःखी कोंबडीचे अंडे खाल्ले की तिचे दुःख आपल्या पोटात जाते, शांत कोंबडीचे खाल्ले की शांती जाते, आणि शांती पोटात गेली की रोगाला तिथे राहायला जागा उरत नाही. या हिशोबाने गाजर खाणाऱ्या माणसाने जमिनीत रुतून बसायला हवे होते, पण हे विचारायची ती जागा नव्हती.

मग त्यांनी काचेच्या ताटलीत एक अंडे फोडले. बलक गडद केशरी होता. "हा आतला सूर्य," असे म्हणत ताटली लोकांतून फिरवली गेली आणि लोक तिच्यात वाकून वाकून पाहू लागले. भिंतीशी विक्रीचे डबे रचलेले होते. प्रत्येक डब्यावर हिरवेगार कुरण, त्यात डोळे मिटून बसलेली तपकिरी कोंबडी, आणि वर मोठ्या अक्षरांत 'शांत कोंबडीचे अंडे'. खाली बारीक अक्षरांत 'ममतेने वाढवलेल्या कोंबड्यांपासून'.

मंचाच्या कडेला काचेची एक बरणी होती. दुकानात बिस्किटांची असते तशी, चांगली मोठी. ज्यांना शांती लाभली त्यांनी आपली औषधे तिच्यात आणून टाकायची असा तिथला रिवाज. अर्ध्याहून जास्त भरली होती ती. रक्तदाबाच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या, दम्याचा फवारा, कोणाचे तरी डोळ्यांचे थेंबसुद्धा.

पहिल्या रांगेत माझी वहिनी बसली होती आणि तिच्या शेजारी माझी भाची. पुढच्या रविवारी त्या बरणीत भाचीच्या गोळ्या पडायच्या होत्या. मी त्या गोदामात बसले होते ती एवढ्यासाठी.

माझ्याबद्दल थोडे सांगते. मी जनावरांची डॉक्टर आहे. उमेदीची सगळी वर्षे कोंबड्यांच्या शेडमध्ये गेली. औषध द्यायचे काम कमी, तपासणीचे जास्त. खाद्य बघायचे, पाणी बघायचे, मेलेल्या मोजायच्या, शेरा मारायचा, पुढच्या शेडला जायचे. या कामाने माणूस हळवा होतो किंवा निबर होतो असे म्हणतात. मी नुसती दमले. घरी आल्यावर अंगाला येणारा वास साबणाने जातो, पण डोळ्यांपुढचे जात नाही, आणि मग कोणी 'ममतेने वाढवलेल्या' म्हणाले की मला एकदम झोप येते.

भाचीला आम्ही चिमी म्हणतो. तेरा-चौदा वर्षांची आहे, आणि लहानपणापासून तिला फिट येते. योग्य गोळी सापडेपर्यंत दादा-वहिनीचे फार हाल झाले, पण सापडल्यावर फिट्स जवळजवळ थांबल्या. फक्त गोळीने पोर सुस्तावते, वर्गात पेंगते, वजन वाढते. वहिनीला ते बघवत नव्हते. त्यातून डॉक्टरांनी सांगितले की ही गोळी बरीच वर्षे घ्यावी लागेल, आणि नेमक्या त्याच आठवड्यात वहिनीच्या मैत्रिणीने तिच्या हातात तो हिरवा डबा ठेवला. बुडत्याला काडीचा आधार.

मला कळले तोवर गोळी अर्ध्यावर आली होती. बुवांनी तसेच सांगितले होते, अंडे वाढवत न्या, गोळी घटवत न्या. गोळी घटवल्यावर चिमीला शाळेच्या जिन्यात फिट आली. कपाळाला टाके पडले. वहिनी घाबरून बुवांकडे गेली, तर ते म्हणाले, घाबरू नका, आत साठलेले बाहेर पडते आहे, शेवटचे कढ आहेत. तिला ते पटले. मी असते तर मलाही कदाचित पटवून घ्यावेसे वाटले असते, कारण दुसरा अर्थ तिने स्वतः पोरीला जिन्यावरून पाडले असा होत होता.

त्या रविवारी गोदामातून आम्ही सगळे दादाच्या घरी आलो. स्वयंपाकघरात मी त्या डब्यातले अंडे फोडले आणि पिशवीतून माझा रंगपंखा काढला. रंगाच्या दुकानात भिंतीचा रंग निवडायला पट्ट्या मिळतात, तशाच पट्ट्या बलकासाठी असतात. फिक्या पिवळ्यापासून गडद केशरीपर्यंत. कंपनी पट्टी निवडते आणि खाद्यवाल्याला सांगते, त्याप्रमाणे तो खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा नाहीतर लाल मिरचीचा अर्क मिसळतो. कोंबडी रडत असो की गात असो, बलक ठरल्या रंगाचा येतो. मी ताटलीशेजारी पट्टी धरली. शेवटून दुसरी, तंतोतंत जुळली.

वहिनीने बघितले आणि मान डोलावली. "रंगाचं असेल तसं. मी रंगासाठी नाही घेत ताई. मी त्या कोंबड्या बघितल्यात. पडलेल्या. तुम्ही पण बघितल्यात."

मी सांगितले की त्या शांत नाहीत, भ्यालेल्या आहेत. कोल्ह्याने पकडल्यावर पक्षी शेवटचा उपाय म्हणून मेल्यासारखा पडतो, पकड ढिली झाली तर पळता येईल म्हणून. माणसाने उताणे दाबून धरले की तेच होते. त्यात खडूच्या रेघेचाही काही संबंध नाही.

दादा वर्तमानपत्र वाचत होता. तो हसला. "भ्यालेलं जनावर पळतं गं. एवढं तर आम्हालाही कळतं. तुला ना, सगळ्यात खोटच दिसते."

पालथ्या घड्यावर पाणी. मला वहिनीचा राग आला नाही. तिच्या डोळ्यांखाली काळे झाले होते. पोर झोपली की श्वास नीट चालू आहे ना, हे बघत ती वर्षानुवर्षे बसली आहे. तिला समोर कुठेतरी एक जीव चिंतामुक्त पडलेला दिसला आणि तिला तो हवासा वाटला. राग आलाच असेल तर त्या हिरव्या कुरणाचा आला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी साहेबांपुढे डबा ठेवला. ते आमच्या खात्याचे लेबलांचे जाणकार. त्यांनी चष्मा लावून डबा सगळीकडून वाचला. 'मोकळ्या' असे लिहिले असते तर एका कोंबडीमागे किती जमीन ते मोजता आले असते, म्हणाले. 'पिंजऱ्याबाहेरच्या' असते तरी मोजता आले असते. त्या शब्दांना नियम आहेत.

"पण 'शांत' या शब्दाची व्याख्याच नाही," ते म्हणाले. "जे ठरलेलंच नाही ते खोटं कसं ठरवणार?"

"आणि 'ममतेने'?"

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि डबा माझ्याकडे सरकवला. त्यांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते.

औषधे बंद करायला सांगतात, या मुद्द्यावर मी आरोग्य खात्याकडेही गेले. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतले आणि विचारले, बुवांनी हे कागदावर दिले आहे का. बुवा कागदावर कशाला देतील. चौकशी होईल, पण वेळ लागेल, असे उत्तर मिळाले. माझ्याकडे तर पुढच्या रविवारपर्यंतचाच वेळ होता.

त्या आठवड्यात हे डबे विकणाऱ्या कंपनीच्या शेडची तपासणी माझ्याकडेच होती. फाटकातून आत शिरले की आधी हिरवळ लागते. तिच्यावर दहा-बारा तपकिरी कोंबड्या मजेत फिरत असतात, मागे एक छोटे लाल छपराचे खुराडे आहे. डब्यावरचे चित्र तिथलेच. रविवारी रांगेत कंटाळलेली पोरे त्यांना पाव घालतात. चिमीची तर त्यांतल्या एकीशी गट्टीच जमली होती. मानेवर पांढरा ठिपका असलेली ती कोंबडी मान तिरकी करून प्रत्येकाची तपासणी करत फिरायची, म्हणून चिमीने तिचे नाव मास्तरीण ठेवले होते.

हिरवळीमागे गोदाम आणि गोदामामागे शेड. लांब, बिनखिडक्यांच्या, एकीला एक लागून. आत पिंजऱ्यांचे मजले. एकेका कोंबडीच्या वाट्याला शाळेच्या वहीचे एक उघडे पान असेल नसेल एवढी जागा. पंख पसरायचा तर शेजारणीच्या तोंडावर पसरायचा. मी आत पाऊल टाकले तशी जवळची रांग एका झटक्यात मागे सरकली, मग तिच्यापुढची, मग तिच्यापुढची, शेडच्या टोकापर्यंत. माणूस म्हणजे काय हे त्यांना दोनच वेळा कळते, आणताना आणि नेताना.

शेडचा व्यवस्थापक माझ्याबरोबर चालत होता. भला माणूस आहे, तोही माझ्यासारखाच दमलेला. मी विचारले, बुवांच्या कार्यक्रमाला कोंबड्या कुठून नेता.

"इथूनच. या कडेच्या पिंजऱ्यांतल्या."

"हिरवळीवरच्या का नाही नेत? चित्रातल्या?"

तो म्हणाला, पहिल्यांदा त्याच नेल्या होत्या, दिसायलाही त्या बऱ्या. पण तालमीत एकही पडून राहीना. ठेवली की उठते, ठेवली की उठते. एकीने तर बुवांच्या अंगठीला चोच मारली. मग बुवा स्वतः शेडमध्ये आले आणि म्हणाले, मला या द्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी माझी गत झाली होती. आमच्या धंद्यात ही एक जुनी चाचणी आहे. कोंबडीला किती भय आहे ते बघायचे तर तिला उताणी धरायची, सोडायची आणि घड्याळ लावून बसायचे. जितका वेळ ती पडून राहील तितकी ती जास्त भ्यालेली. माणसाच्या हाताची सवय असलेली कोंबडी लगेच उठते. ज्या जिवाने हात पाहिलाच नाही, तो दगडासारखा पडतो. बुवांना शांत कोंबडी चालतच नव्हती, त्यांना घाबरलेलीच लागत होती. आणि कंपनीकडे तर त्यांचाच साठा होता.

शनिवारी मी चिमीला हे सगळे समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले. ती सगळेच शांतपणे ऐकते, गुणी म्हणून दादाला तिचे फार कौतुक आहे.

"मास्तरीण नाही झोपायची त्याच्या टेबलावर," ती म्हणाली. "ती माझ्याकडे येते. मी उचलू शकते तिला."

मी म्हटले, उचल.

रविवारी गोदाम आणखी भरले होते. बुवांनी सहा कोंबड्या पाडल्या, सूर्य फोडला, मौनाबद्दल बरेच बोलले. मग त्यांनी चिमीला वर बोलावले. वहिनीने तिच्या हातात गोळ्यांची डबी दिली आणि स्वतः पदराशी चाळा करत बसून राहिली. पण चिमी सरळ मंचावर गेली नाही. ती दारातून बाहेर गेली आणि परत आली तेव्हा तिच्या एका हातात डबी होती आणि काखेत मास्तरीण. लोकांना गंमत वाटली. कोंबडी सगळ्या गोदामाची तपासणी करत आली.

"आधी हिला शांत करा," चिमी बुवांना म्हणाली. "मग मी गोळ्या टाकते."

पोरीला नाही म्हणता येत नव्हते. बुवांनी मास्तरणीला घेतले, पाठीवर ठेवले, तळहात दाबला, रेघ ओढली, हात काढला. मास्तरीण उठली. अंग झाडले, आणि खडू खाण्याजोगा आहे की काय ते पाहिले. बुवांनी पुन्हा ठेवली, जास्त वेळ दाबून धरली. ती पुन्हा उठली आणि टेबलावर आडव्या पडलेल्या तिच्या सहा बहिणींच्या मधून फेरफटका मारू लागली. मागच्या रांगांत हशा पिकला.

"हिच्यात अजून राग आहे," बुवा म्हणाले. "पूर्वीच्या मालकाचा."

तेव्हा मी उभी राहिले. मला भाषण येत नाही, आणि त्या दिवशी अंगात जोरही नव्हता. मी एक डबा घेऊन मंचावर गेले, चित्रातल्या कोंबडीच्या मानेवरचा पांढरा ठिपका दाखवला, मग मास्तरणीच्या मानेवरचा दाखवला. हीच ती डब्यावरची शांत कोंबडी, म्हटले. मग मी झाकलेल्या खोक्यातून पिंजऱ्यातली एक कोंबडी काढली. रेघ नाही, मंत्र नाही, मौन नाही. उताणी ठेवली, दाबली, सोडली. ती पडून राहिली. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

गोदामात एकदम शांतता झाली, आणि मला वाटले लोकांना कळले. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत उठले आणि त्यांनी मला हात जोडून विचारले की डॉक्टरीणबाई, तुम्हालाही सिद्धी आहे तर माझ्या गुडघ्यांवर जरा हात ठेवाल का. हसावे की रडावे ते मला कळेना.

तरी मी सांगितले. कोल्ह्याचे सांगितले, घड्याळाच्या चाचणीचे सांगितले, या कोंबड्या मागच्या शेडमधल्या पिंजऱ्यांतून येतात आणि हिरवळीवरच्या का चालत नाहीत ते सांगितले. बुवा हसतमुखाने ऐकत होते. माझे संपल्यावर ते लोकांकडे वळले.

"बाई शिकलेल्या आहेत. पण मी एक साधं विचारतो. घाबरलेला जीव काय करतो? पळतो. ओरडतो. ही बघा, पापणी तरी हलते का? याला तुम्ही भीती म्हणाल?"

माना डोलल्या. पहिल्या रांगेत दादाचीही डोलली, त्याच्या स्वयंपाकघरातला प्रश्न मंचावरून विचारला गेला होता. माझ्याकडे जे होते ते सगळे मी सांगून झाले होते. शास्त्र बरोबर होते आणि ते कोणाच्या आत शिरत नव्हते. मला खाली जाऊन बसावेसे वाटले.

चिमी टेबलाला खेटून उभी होती. तिचे लक्ष आमच्याकडे नव्हतेच. ती वाकून त्या पडलेल्या कोंबडीच्या डोळ्यात बघत होती. कोंबडीची छाती भराभर वरखाली होत होती, ते एवढ्या जवळूनच दिसले असते.

"मी पण अशीच पडते," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण बुवांसमोरचा ध्वनिक्षेपक तिच्याही तोंडाशी आला होता.

"फिट येऊन गेली ना, की नंतर मी अशीच पडते. सगळे म्हणतात, आता बघा कशी शांत झोपली. आई म्हणते, बाबा म्हणतात, शाळेतल्या बाई म्हणतात. मला ऐकू येतं ते. पण मला हलता येत नाही, बोलता येत नाही. आपण कुठे आहोत ते पण कळत नाही. मी झोपलेली नसते. मला फार भीती वाटत असते."

मग तिने डबी टेबलावर ठेवली, दोन्ही हातांनी त्या कोंबडीला धरून सरळ केले आणि पायांवर उभे केले. कोंबडी क्षणभर उभी राहिली आणि टेबलावरून उडी मारून मंचाखालच्या अंधारात पळाली. चिमीने दुसरीला सरळ केले, ती पळाली. तिसरी पळाली, ओरडत. बुवांना जे पळणे आणि ओरडणे हवे होते ते त्यांच्या पायांतून चालले होते. सातच्या सात कोंबड्या मंचाखाली एका कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढून बसल्या. हिरव्या कापडावर एकटी मास्तरीण उरली.

वहिनी मंचावर कधी आली ते मी पाहिले नाही. ती बुवांकडे बघतही नव्हती.

"तू मला कधी सांगितलं नाहीस," ती चिमीला म्हणाली.

"तू म्हणायचीस, उठवू नका तिला. खोलीतून सगळ्यांना बाहेर काढायचीस. दार लावून घ्यायचीस."

वहिनीचा चेहरा मला अजून दिसतो. इतकी वर्षे फिट ओसरली की ती त्या खोलीचे दार ओढून घेत होती, पोरीला विसावा मिळावा म्हणून. घरात कोणी भांडे वाजवले तर त्याच्यावर डोळे वटारत होती. तिने टेबलावरची डबी उचलली, उघडून पाहिली, बंद केली आणि पर्समध्ये ठेवली. मग चिमीचा हात धरून खाली उतरली. दादा आधीच उठून उभा राहिला होता. घरी जाताना त्याने गाडीत माझ्यासाठी पुढची जागा रिकामी ठेवली.

आता नंतरचे. अशा गोष्टींत शेवटी बुवा पळून जातो आणि लोकांचे डोळे उघडतात. तसे काही झाले नाही. बरणीतून सात-आठ जणांनी आपापली औषधे काढून घेतली, त्यांत ते पोस्टमास्तर होते. बाकीच्यांनी जाताना डबे घेतले. गुडघेवाल्या आजोबांनी दोन घेतले. आरोग्य खात्याची चौकशी सुरू झाली तेव्हा बुवा दुसऱ्या शहरात एका दूध कंपनीकडे गेले होते. ऐकते की तिथे ते गाईंच्या कानात सत्य सांगतात आणि ते दुधात उतरते. आणि अंड्यांच्या डब्यावर आता कुरण तेच आहे, मास्तरीण तीच आहे, फक्त 'शांत'च्या जागी 'आनंदी' आले आहे. मी तो डबा साहेबांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांना दाखवला. आनंदाचीही व्याख्या नाही.

शेडमधल्या कोंबड्या तिथेच आहेत. पुढच्या महिन्यात मला पुन्हा तिथे जायचे आहे, आणि मी पाऊल टाकले की ती रांग पुन्हा मागे सरकणार आहे. माझ्या शेऱ्यांनी आजवर पिंजरा बोटभरही रुंद झालेला नाही. हे मान्य करायला मला लाज वाटत नाही, नुसता थकवा वाटतो.

तरी माझे एवढे ऐका. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, हे आपण शाळेपासून घोकतो आणि दुकानात विसरतो. डब्यावर चित्र दिसले तर विचारा, ही जागा कुठे आहे, मला आत येऊन बघता येईल का. डब्यावर गोड शब्द दिसला तर विचारा, हे कोणी मोजले आणि कशाने मोजले. मोजता न येणारा शब्द फुकट छापता येतो. अंडे चांगले अन्न आहे, खुशाल खा, पण त्याने फिट थांबत नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी कमी करायची असेल तर ज्यांनी दिली त्यांनाच विचारा. आणि ज्या जिवाला बोलता येत नाही, तो गप्प आहे म्हणजे सुखात आहे असे कोणी सांगू लागले, तर आधी त्याची छाती किती भराभर हलते ते वाकून बघा.

चिमीची गोळी डॉक्टरांनी पुन्हा पूर्ववत केली. जुने प्रमाण अंगी लागायला वेळ लागतो, म्हणून मधल्या काळात तिला आणखी एकदा फिट आली. वहिनीने दुपारी मला कार्यालयात फोन केला. आवाज दमलेला होता, पण घाबरलेला नव्हता. तिने सांगितले की फिट ओसरल्यावर पोर नेहमीसारखी निपचित पडली, तेव्हा दार लावून न घेता ती तिच्याजवळ बसली. तिचा हात हातात घेतला आणि बोलत राहिली. तू घरी आहेस, मी इथे आहे, दुपार झाली आहे, बाहेर कपडे वाळत घातलेत.

"किती वेळ बोलत होते कोण जाणे," वहिनी म्हणाली. "डोळे मिटलेलेच होते तिचे. पण ताई, तिने माझं बोट घट्ट धरून ठेवलं होतं."